रेसकंट्रोलची ‘एमबी’ ओळ: अकरा महिने वापरल्यानंतर

चार महिन्यांपूर्वी एका सोमवारी सकाळी नऊलाच ग्राहकांचे फोन सुरू झाले. आमची सेवा उपग्रहाच्या प्रतिमांवरून पिकांचे नकाशे दाखवते. सर्व्हरवर कुठल्या कामाने मेमरीची किती बँडविड्थ, म्हणजे सेकंदाला किती डेटा, घ्यायची ते आम्ही लिनक्स कर्नलमधल्या रेसकंट्रोल या सोयीने ठरवतो. तो आकडा तिच्या ‘एमबी’ ओळीत लिहायचा. नकाशा उघडायला कधी अर्धा सेकंद लागत होता, कधी सहा. तीच क्वेरी पुन्हा चालवली की झटक्यात उत्तर यायचं, तिसऱ्यांदा चालवली की परत रखडायची. सीपीयू निवांत, डिस्क निवांत, रॅम अर्धी रिकामी. लॉगमध्ये एक अक्षर नाही. अशा वेळी पोटात गोळा येतो, कारण बघायला काही उरतच नाही.

मशीन आठवड्यापूर्वीच रॅकमध्ये चढवलेलं होतं. रिफर्बिश्ड, एएमडीच्या एपिक प्रोसेसरचं, मिलान पिढीचं, एक सॉकेट, ६४ कोअर. नव्याच्या किमतीत आम्हाला ते परवडलंच नसतं. साहजिकच संशय मशीनवर गेला. विकणाऱ्याला कळवलं, त्यांचा माणूस आला, दोन तास टेस्ट चालवून ‘रॅम मॉड्यूल बदलून बघा’ म्हणाला. वॉरंटीत परफॉर्मन्सची तक्रार बसत नाही, तेव्हा मॉड्यूल आम्हीच विकत घ्यायचे. घेतले दोन. फरक शून्य. उघडलेलं पाकीट परत घेत नाही म्हणाले. त्या पैशांचा राग अजून गेलेला नाही, आणि हे लिहायला बसलो त्याला तो रागही कारणीभूत आहे.

चूक सापडली ती मंगळवारी रात्री, रेसकंट्रोलच्या मुळाशी असलेली स्किमाटा ही मर्यादांची फाइल सहज म्हणून कॅट केली, म्हणजे वाचली तेव्हा. ओळ अशी होती:

एमबी:०=१००;१=१००;२=२०४८;३=२०४८;४=२०४८;५=२०४८;६=२०४८;७=२०४८

ज्यांनी दोन्ही कंपन्यांच्या मशीनवर हे वापरलंय त्यांना एवढ्यात कळलं असेल. मला अर्धा तास लागला. आमची बूट स्क्रिप्ट जुन्या दोन सॉकेटच्या झिऑनसाठी, म्हणजे इंटेलच्या सर्व्हर प्रोसेसरसाठी लिहिलेली. ती सुरुवातीला मूळ ग्रुपमध्ये (वेगळ्या न काढलेल्या सगळ्या प्रोसेस त्यात असतात) ‘एमबी:०=१००;१=१००’ लिहिते, म्हणजे दोन्ही सॉकेट पूर्ण मोकळे. इंटेलवर तो आकडा टक्के असतो. एएमडीवर तोच आकडा सेकंदाला एक अष्टमांश जीबी या एककात मोजला जातो. १०० म्हणजे साडेबारा जीबी. बरोबरच्या चिन्हाआधीचा क्रमांक डोमेनचा, म्हणजे तो आकडा ज्या कोअरना लागतो त्या गटाचा. त्यात इंटेलवर डोमेन म्हणजे अख्खं सॉकेट, तर मिलानवर डोमेन म्हणजे एल३ ही सामाईक कॅश वापरणारा आठ कोअरचा एक गट. थोडक्यात, पहिल्या सोळा कोअरच्या गळ्यात आम्ही स्वतः दोरी बांधली होती आणि उरलेले अठ्ठेचाळीस मोकळे सोडले होते. क्वेरी त्या सोळांवर पडली की सहा सेकंद, दुसरीकडे पडली की अर्धा. कर्नलने ती ओळ विनातक्रार घेतली. ‘लास्ट कमांड स्टेटस’मध्ये ‘ओके’ होतं. त्या आकड्यात चुकीचं असं काही नव्हतंच.

ही सोय आम्ही का घेतली ते सांगतो. दिवसा पोस्टग्रेस या डेटाबेसवर क्वेरी चालतात, रात्री प्रतिमांची मोठी प्रोसेसिंग. कामं वाढली तशी रात्रीची कामं दिवसाही चालू राहायला लागली. सीपीयू कर्नलच्या सीग्रुप या सोयीने आवरता येतो, पण प्रतिमांचं काम मेमरी अक्षरशः ओरबाडतं, आणि मग क्वेरीला वाट्याला आलेला सीपीयू रॅमची वाट बघत बसतो. दुसरं मशीन घ्यायचं, नाहीतर मेमरी बँडविड्थला लगाम घालायचा. आम्ही लगाम निवडला. रेसकंट्रोल कर्नलमध्ये ४.१० पासून आहे, २०१७ पासून. बँडविड्थचा भाग त्याच वर्षी ४.१२ मध्ये आला. सगळं फुकट, मशीनमध्ये आधीपासून असलेलं. पहिले सात महिने मी कौतुकच करत होतो.

कौतुक खरंच करण्यासारखं आहे. डिरेक्टरी बनवली की ग्रुप तयार, टास्क फाइलमध्ये पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) लिहिला की प्रोसेस त्या ग्रुपमध्ये, डिरेक्टरी काढली की सगळे टास्क मूळ ग्रुपमध्ये परत. डिमन नाही, लायब्ररी नाही, शेलमधून सगळं होतं. फक्त एक लक्षात ठेवा: पीआयडी लिहिला की तेवढा एक थ्रेड हलतो, त्यातून पुढे जन्मणारी पोरं, म्हणजे नव्या प्रोसेस, ग्रुपचा वारसा घेतात, आधी जन्मलेली जागच्या जागी राहतात. पोस्टग्रेसची मूळ प्रोसेस सुरू होताच ग्रुपमध्ये टाकली नाही, तर जुनी कनेक्शन बाहेरच राहतात.

झिऑनवर छोटे त्रास होते. नववा ग्रुप हवा होता तेव्हा, म्हणजे मूळ धरून आठ झाल्यावर, एमकेडिर ही डिरेक्टरी बनवणारी कमांड म्हणाली की डिव्हाइसवर जागा उरलेली नाही. आमच्या टीममधला पोरगा तासभर डिस्क साफ करत बसला. जागा संपली होती ती सीएलओएस आयडींची, म्हणजे प्रोसेसरकडे ग्रुपसाठी असलेल्या क्रमांकांची. आमच्या प्रोसेसरवर एल३ साठी ते १६ आहेत, बँडविड्थसाठी ८, आणि कर्नल त्यातला लहान आकडा धरतो. मोठा त्रास हायपरथ्रेडचा, म्हणजे एका कोअरवर दोन थ्रेड चालवण्याचा. थ्रॉटल, म्हणजे लगाम, लागतो कोअरला, आणि या पिढीत एकाच कोअरवरचे दोन थ्रेड वेगवेगळ्या ग्रुपचे असले की दोघांनाही कडक मर्यादा लागते. रात्रीच्या कामाला २० टक्के दिले की त्याच्या शेजारच्या थ्रेडवर बसलेली बिचारी क्वेरीही वीसवर यायची. शेवटी सीपीयूसेट लावून दोन्ही कामांचे कोअरच वेगळे केले. तुमच्या मशीनवर काय होतं ते ‘थ्रेड थ्रॉटल मोड’ या फाइलमध्ये दिसतं, ‘मॅक्स’ किंवा ‘पर-थ्रेड’. ही फाइल सगळ्यात आधी बघा.

आणि टक्के म्हणजे रॅमच्या एकूण बँडविड्थचे टक्के नव्हेत. लगाम बसवलाय कोअर आणि एल३ यांच्या मध्ये, त्यामुळे एल३ मध्ये सापडणारा डेटाही संथ होतो, आणि बरेच थ्रेड असतील तर प्रत्येकी ५० टक्क्यांतही ते मिळून अख्खी रॅम पिऊन टाकतात. कर्नलच्या कागदपत्रांत याचं उदाहरणच आहे: प्रत्येकी ५ जीबी घेणारे २० थ्रेड, ५० टक्क्यांवर, आणि १०० जीबीची वाट पूर्ण भरलेली. ते वाचल्यावर मी आकड्यांकडे प्रमाण म्हणून बघणं सोडलं आणि दर सेकंदाला ‘एमबीएम टोटल बाइट्स’ ही प्रत्यक्ष वापर मोजणारी फाइल वाचून हाताने जुळवायला लागलो.

त्या मंगळवारनंतर माझं मत असं झालं की हा इंटरफेसच चुकीचा आहे. एकाच नावाची ओळ, एका कंपनीच्या यंत्रावर टक्के, दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर अष्टमांश जीबी, आणि कुठेही एकक लिहिलेलं नाही. रेसकंट्रोलच्या इन्फोमधल्या एमबी फोल्डरात ‘मिन बँडविड्थ’ (किमान आकडा) आहे, ‘बँडविड्थ ग्रॅन’ (पायरी) आहे. झिऑनवर दोन्हीकडे १०, एपिकवर ० आणि १. पण दहा म्हणजे दहा कशाचे, हे सांगणारी फाइल नाही. किराणा दुकानदार ‘पाच द्या’ म्हटल्यावर किलो की पाव विचारतो. इथे विचारणारं कुणी नाही.

रागाच्या भरात मी एका मित्राला म्हटलं, एएमडीची ओळही टक्क्यांची का करत नाहीत? तो कर्नलच्याच कामात आहे. त्याने उलट विचारलं, ‘आज एपिकवर दोन जीबी द्यायचे म्हणून ज्यांनी १६ लिहून ठेवलंय, त्यांचं काय होईल?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांचे १६ उद्या सोळा टक्के झाले तर त्यांच्या घरी माझा सोमवार उजाडेल. एएमडीची ओळ कर्नल ५.० पासून, २०१९ पासून लोक वापरतायत. लिनक्सचा नियम आहे की चालू असलेले प्रोग्रॅम कर्नलने मोडायचे नाहीत. तो नियम माझ्या जुन्या झिऑनच्या स्क्रिप्टला जपतो तसा त्यांच्या १६ ला जपतो. चूक झाली असेल ती पहिल्या दिवशी झाली. ती पुसता येत नाही, शेजारी नवीन काहीतरी ठेवता येतं.

मग मी रेसकंट्रोलमध्ये नव्या गोष्टी आजवर कशा ठेवल्या ते बघत बसलो, आणि मत पुन्हा हललं. एल३ मध्ये कोड आणि डेटा वेगळे करायची सोय बघा. ती चालू केली की ‘एल३’ ओळ जाते आणि तिच्या जागी ‘एल३ कोड’ आणि ‘एल३ डेटा’ अशा दोन ओळी येतात. जुनी स्क्रिप्ट तिथे मोडणारच. पण हे आपोआप होत नाही, रेसकंट्रोल माउंट करताना, म्हणजे सिस्टिमला जोडताना ‘सीडीपी’ मागावं लागतं. आधी विचारायचं, मग बदलायचं. मला हे फार आवडलं. लिहिण्याची पद्धतही अशीच विचाराने ठेवलेली आहे: सगळ्या ओळी लिहाव्या लागत नाहीत, बदलायचं तेवढंच लिहायचं, एका डोमेनचं लिहिलं तरी चालतं. त्यामुळे उद्या नवी ओळ आली तरी जुना लिहिणारा प्रोग्रॅम चालत राहतो. मोडतो तो सगळं वाचून, न ओळखणाऱ्या ओळीवर अडून बसणारा. आमचा डॅशबोर्ड तसाच लिहिलेला होता, तो त्याच आठवड्यात दुरुस्त केला.

४.१८ मध्ये आलेला ‘एमबीए एमबीपीएस’ हा पर्यायही माउंट करतानाच मागायचा. टक्क्यांऐवजी सरळ सेकंदाला किती एमबी ते लिहा, कर्नल दर सेकंदाला मोजून टक्के खालीवर करतो. झिऑनवर लावला आणि मला हवं होतं ते अखेर मिळालं. ३००० लिहिलं की आकडा तीन हजारांच्या आसपास राहतो. (नाव एमबीपीएस, मोजणी १०२४ गुणिले १०२४ बाइटांची, म्हणजे जवळपास पाच टक्के फरक. नाव आता कोण बदलणार!) पण हा होकार अख्ख्या मशीनचा आहे, एकेका प्रोग्रॅमचा नाही. मी माउंट बदलला आणि दुसऱ्या टीमच्या क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामाने) रात्री नेहमीप्रमाणे ७० लिहिलं. त्यांच्या मनात टक्के होते, कर्नलने सेकंदाला ७० एमबी समजून घेतले. त्यांचं काम सकाळपर्यंत रांगत होतं. तीच ओळ, तोच आकडा, तिसरा अर्थ. एपिकवर तर हा पर्याय माउंटच होत नाही. आणि माउंट बदलायचा तर आधी अनमाउंट करावं लागतं, त्यात सगळे ग्रुप पुसले जातात.

तेव्हा माझी तक्रार आता बदललीय, कमी झालेली नाही. ओळीचा अर्थ यंत्रागणिक वेगळा असणं मी समजू शकतो, कारण यंत्रंच वेगळी आहेत. अर्थ सांगणारी एकही जागा नसावी, हे मला पटत नाही. एक छोटी फाइल हवी होती, वाचायची फक्त, तिच्यात एकक आणि कमाल आकडा. तिने कुणाचीही स्क्रिप्ट मोडली नसती. आमचे दोन मॉड्यूल वाचले असते.

तोवर आम्ही काय करतो ते सांगतो, कुणाला उपयोग होईल. ‘मोकळं सोडा’ यासाठी १०० लिहिणं बंद. नवा ग्रुप जन्मतो तेव्हा त्याच्या एमबी ओळीत कर्नल स्वतः कमाल आकडा घालतो: झिऑनवर १००, एपिकवर २०४८, एमबीपीएसमध्ये ४२९४९६७२९५. स्क्रिप्ट आता सुरुवातीलाच एक रिकामा ग्रुप बनवते, त्याची ओळ वाचते आणि ग्रुप काढून टाकते. डोमेन किती आणि त्यांचे क्रमांक काय, हेही त्याच ओळीतून कळतं. कमाल १००, २०४८ किंवा तो लांबलचक आकडा यांपैकी काही नसेल, तर स्क्रिप्ट काही न लिहिता थांबते आणि मला मेल करते. आणि लिहिल्यावर प्रत्येक वेळी परत वाचते. इंटेलवर ३५ लिहिलं की फाइलमध्ये ४० दिसतं, कारण दहाच्या पायरीवर वर चढवलं जातं. आधी मला हा दोष वाटायचा. आता वाटतं, काय लागू झालं ते फाइल खरं सांगते, हीच तिच्याबद्दलची सगळ्यात चांगली गोष्ट.

एपिकवर लगाम मात्र सुरेख चालतो, हे मान्य केलं पाहिजे. रात्रीच्या कामाच्या आठही डोमेनना ८० लिहिलंय, प्रत्येकी दहा जीबी, आणि दिवसा क्वेरी अर्ध्या सेकंदाच्या वर गेलेली नाही. दुसरं मशीन घ्यावं लागलं नाही.

पुढच्या तिमाहीत एक आर्म सर्व्हर चाचणीला येतोय. कर्नल ६.१६ मध्ये रेसकंट्रोलचा सामाईक भाग एक्स८६ च्या (इंटेल-एएमडीच्या) फोल्डरातून काढून एफएस या फाइल सिस्टिमच्या फोल्डरात नेला, तो इतर प्रोसेसरना वाट करून देण्यासाठीच. आर्मच्या एमपॅममध्ये, म्हणजे त्यांच्याकडच्या अशाच लगामात, कमाल बँडविड्थ हा अपूर्णांक असतो, आणि त्याचे बिट किती हे चिप बनवणारा ठरवतो, म्हणजे टक्के पायरीवर नेमके बसतीलच असं नाही. मशीन आलं की आधी एमकेडिर, मग कॅट. तो आकडा कागदावर लिहून मशीनच्या झाकणावर चिकटवायचा, असं टीमला सांगून ठेवलंय. झिऑनवर आणि एपिकवर तो आधीच चिकटवलेला आहे, एककासकट.