जळालेली एमजीबी आणि माझे ११,४०० पौंड

गेल्या मार्चमध्ये इंग्लंडमधील लिंकनशायरच्या एका गृहस्थाकडून मी १९७३ सालची गडद हिरवी एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, ११,४०० पौंडांना विकत घेतली, आणि मे महिन्यात मला कळले की तिचे इंजिन कधीतरी पेटलेले होते. हे लिहिताना लाज वाटते, कारण सांगलीत वडिलांच्या गॅरेजमध्येच मी लहानाचा मोठा झालो. रंगकाम इतके सफाईदार होते की कोणीही फसले असते, अशी मी स्वतःची समजूत घालत असतो.

विक्रीची तऱ्हा नेहमीचीच होती. संध्याकाळी दुसरे गिऱ्हाईक येणार होते, ५०० पौंड विसार तिथल्या तिथे द्यायचा होता आणि टेबलावर जुन्या पावत्यांची जाडजूड फाईल होती. त्या फाईलमध्ये १९८८ सालच्या स्पार्क प्लगचीसुद्धा पावती जपलेली होती. मात्र गाडीतले वायरिंग अख्खे नवे असूनही त्या सर्वांत महागड्या कामाचा कागद नव्हता. ‘हौसेने बदलले,’ असे उत्तर मिळाले. पन्नास वर्षांच्या गाडीत नवे वायरिंग दिसले, तर ते का बदलले आणि काम चालू असतानाचे फोटो कुठे आहेत, हे विचारल्याशिवाय खिशात हात घालू नका.

एमजीबीमध्ये पेट्रोल आणि हवा मिसळणारे दोन्ही एसयू कार्ब्युरेटर आणि इंजिनातला गरम धूर बाहेर नेणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड इंजिनाच्या एकाच बाजूला, डावीकडे, असतात. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल येऊ लागले. जुन्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही. नळी चिरली की पेट्रोल तापलेल्या मॅनिफोल्डवर गळू शकते. म्हणून आगीच्या खुणा आधी डावीकडे शोधायच्या, हे मला पक्के ठाऊक होते.

मी शोधल्याही. डाव्या सीटपुढचे कार्पेट मी स्वतःच्या हाताने उचलले. खाली ताजा काळा रंग होता, आणि इंजिन आणि सीटांमधल्या पत्र्याच्या, म्हणजे फायरवॉलच्या, एका भोकाच्या कडेला बसवलेला रबरी ग्रोमेट मेणबत्तीसारखा एका बाजूला ओघळलेला होता. विझलेल्या चुलीवर पाणी ओतल्यावर येतो, तसा वासही आला. विकणारा म्हणाला, ‘नव्या कार्पेटच्या गोंदाचा वास आहे,’ आणि मी मान डोलावली! बाहेर पाऊस होता, दीडशे मैल परत जायचे होते आणि लहानपणापासून हवी असलेली गाडी समोर उभी होती. तो ग्रोमेट आजही रात्री डोळ्यांसमोर येतो. स्वतंत्र तपासनीसाने २४० पौंड आणि नऊ दिवस मागितले होते. ते मी ‘वाचवले’.

मे महिन्यात मेकॅनिकने बॉनेटवर रंगाची जाडी मोजली, तेव्हा उजवीकडे १३० मायक्रॉन आणि डावीकडे ९००च्या वर आकडा आला. त्या रंगाखाली पुट्टी होती आणि पुट्टीखाली उष्णतेने वाकलेला पत्रा. सांध्यांमध्ये अग्निशामकाची पावडर साचून राहिली होती. ती ओल धरते आणि पत्रा खाते. जस्ताचे मिश्रधातू साधारण ३८० अंशांना वितळतात आणि अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना, त्यामुळे कोणते बारीक सुटे भाग नवे आहेत हे पाहिले तरी आग किती भडकली होती याचा अंदाज येतो. दुरुस्तीचा अंदाज ६,८५० पौंडांचा निघाला.

१९.९९ पौंड भरून काढलेला गाडीचा इतिहास मात्र स्वच्छ होता. विमा कंपनीकडे दावा गेला तरच अशा अहवालात नोंद दिसते. मालकाने पदरमोड करून गाडी रंगवली, तर कुठेच काही उमटत नाही. शिवाय चाळीस वर्षांवरील बहुतेक गाड्यांना २०१८पासून वार्षिक तपासणीतून सूट आहे, म्हणजे तिसऱ्या कोणाचीही नजर तिच्यावर पडलेली नव्हती.

त्यानंतर सुरू झाले हेलपाटे. पोलिसांनी ही दिवाणी बाब असल्याचे सांगून दोन मिनिटांत फोन ठेवला. फसवणुकीची नोंद घेणाऱ्या यंत्रणेने एक क्रमांक दिला आणि सहा आठवड्यांनी तपास होणार नसल्याचे पत्र पाठवले. त्या पत्रात माझ्या ‘सहकार्याबद्दल’ आभारही मानलेले होते. ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या कार्यालयाने विकणारा व्यापारी आहे का, असे विचारले. त्याच फोन क्रमांकावरून वर्षभरात आणखी तीन गाड्या विकल्या गेल्याचे मी त्यांना दाखवले, तर ते ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे उत्तर आले. तो व्यापारी ठरला असता, तरी २०१५च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार गाडी सरळ परत करण्याची तीस दिवसांची मुदत एव्हाना उलटून गेली होती. कर आम्ही वेळेवर भरायचा, आणि दाद मागायला गेलो की प्रत्येक खिडकीवरच्या माणसाने पुढच्या खिडकीकडे बोट दाखवायचे!

खासगी विक्रीत डोळे उघडे ठेवण्याची जबाबदारी घेणाऱ्याची असते. पण थेट प्रश्नाला खोटे उत्तर दिले, तर विकणारा अडकू शकतो. म्हणून ‘ही गाडी कधी पेटली होती का?’ हा प्रश्न लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या. मी तो तोंडी विचारला होता.

४५५ पौंड शुल्क भरून मी विकणाऱ्यावर न्यायालयात दावा दाखल केला. गेल्या आठवड्यात विकणाऱ्याचे उत्तर आले. त्यात त्याने लिहिले आहे की खरेदीदार जाणकार होता, आणि त्याने कार्पेट स्वतः उचलून पाहिले होते.