गूगल सर्च कन्सोल: क्लिक आटण्याच्या काळात हाताशी हवंच

वेबसाइटच्या प्रसिद्धीसाठी महिन्याला पैसे घेणारी साधनं ढीगभर आहेत. त्यातलं एखादं विकत घेण्याआधी गूगल सर्च कन्सोल, म्हणजे आपली साइट गूगलच्या शोधात कशी दिसते ते दाखवणारं गूगलचंच साधन, नीट वापरायला शिका, असं मी प्रत्येक नव्या क्लायंटला सांगते. छोट्या व्यवसायांच्या वेबसाइटींचं लेखन सांभाळणं हे माझं रोजचं काम, आणि सकाळी पहिल्यांदा उघडते ते हेच. ते फुकट आहे, पण मी वापरते त्याचं कारण वेगळं आहे. ती विकतची साधनं सर्चमधून आपल्याकडे किती लोक आले असतील याचा अंदाज बांधतात. इथले आकडे थेट सर्चमधूनच येतात.

२०१५ पर्यंत याचं नाव वेबमास्टर टूल्स होतं. आज मात्र साइटची तांत्रिक बाजू सांभाळणाऱ्या वेबमास्टरपेक्षा लिहिणाऱ्याला त्याचा जास्त उपयोग आहे. 'परफॉर्मन्स' या भागात क्लिक, इम्प्रेशन (आपली लिंक शोधात किती वेळा दिसली), सीटीआर (दिसली त्यातल्या किती टक्के वेळा क्लिक झालं) आणि सरासरी पोझिशन (निकालांत सरासरी कितवा नंबर) असे चार आकडे मिळतात, तेही मागच्या सोळा महिन्यांचे. सोळा महिने असल्यामुळे यंदाचा हंगाम गेल्या वर्षीच्या त्याच हंगामाशी ताडून बघता येतो. ट्रॅफिक, म्हणजे साइटवर येणाऱ्यांची संख्या, पडलं की आधी हे बघावं. कित्येकदा तो नुसता मंदीचा महिना निघतो आणि लोक उगाच चांगली चाललेली पानं उपसायला बसलेले असतात.

या साधनाची खरी गरज अलीकडे वाढली आहे. गूगल निकालांचा क्रम लावण्याचे नियम अधूनमधून बदलतं: २०११ च्या पांडा अपडेटने पोकळ मजकुराची पानं खाली ढकलली, २०१२ च्या पेंग्विनने विकत घेतलेल्या लिंकांचा खेळ मोडला, मार्च २०२४ मध्ये हेल्पफुल कन्टेन्टचे, म्हणजे मजकूर वाचणाऱ्याच्या उपयोगाचा आहे का याचे, निकष मुख्य रँकिंगमध्येच मिसळले गेले. हे सगळे बदल आपला नंबर हलवायचे. नंबर घसरला की कळायचं. मे २०२४ पासून एआय ओव्हरव्ह्यू, म्हणजे निकालांच्या वर एआयने तयार केलेलं उत्तर, आले आणि गणितच फिरलं: आता नंबर जागच्या जागी राहतो आणि क्लिक निघून जातात. नुसती रँक दाखवणाऱ्या रिपोर्टमध्ये हे दिसतच नाही. काही एजन्सी अजूनही क्लायंटला तसलेच रिपोर्ट पाठवतात, सगळं हिरवंगार, आणि इकडे त्याचा फोन वाजायचा थांबलेला असतो. याचा मला मनापासून राग येतो.

एक उदाहरण देते. घरगुती उपकरणं दुरुस्त करणाऱ्या एका साइटवर वॉशिंग मशीनमध्ये पाणी साचून राहण्याबद्दलचं एक पान आहे. इम्प्रेशनची रेघ वर चढत होती, पोझिशन स्थिर, क्लिकची रेघ मात्र खाली. वरवर बघून पान संपलं असंच कुणीही म्हणेल. मी त्या पानावर क्लिक करून 'क्वेरीज'चा, म्हणजे लोकांनी काय टाइप करून शोधलं त्याचा, टॅब उघडला आणि दोन काळांची तुलना लावली. 'पाणी का साचतं' या धाटणीच्या प्रश्नांचे क्लिक आटले होते, कारण त्याचं चार ओळींचं उत्तर सर्चच्या पानावरच मिळतं. पण फिल्टर कुठे असतो, झाकण उघडत नसेल तर काय करायचं, साफ करूनही तोच एरर कोड येतोय, असं शोधणारे लोक अजून आत येत होते. म्हणजे मशीनसमोर उकिडवा बसलेला माणूस अजून आपलाच होता. मग पानावरची लांबलचक प्रस्तावना काढली, झाकण अडकतं त्या जागेचे कारागिराने स्वतः काढलेले फोटो टाकले आणि दुरुस्तीला माणूस कधी बोलवावा हे वर घेतलं. क्लिक पूर्वीइतके झाले नाहीत. पण येणारे लोक कामाचे होते. फॉर्म भरून जाणारे वाढले.

मराठी मजकूर असलेल्यांसाठी एक युक्ती. क्वेरी फिल्टरमध्ये रेजेक्स (एकाच वेळी अनेक शब्द शोधायची पद्धत) निवडा आणि 'म्हणजे', 'कसे', 'किती', 'कशामुळे' हे शब्द मध्ये उभी रेघ (|) देऊन टाका. प्रश्नरूपी शोध एका झटक्यात वेगळे होतात, आणि धोका कुठल्या पानांना आहे ते समजतं. नुसता 'का' टाकू नका. 'काम', 'काच', 'सरकार' सगळं गोळा होऊन येतं. रोमन लिपीत टाइप करणाऱ्यांसाठी तेच शब्द रोमनमध्येही वेगळे टाकून बघावे लागतात.

आता उणिवा, आणि त्या लहान नाहीत. सगळ्यात मोठी म्हणजे एआय ओव्हरव्ह्यूमधले क्लिक आणि इम्प्रेशन वेबच्या एकूण आकड्यांतच मिसळलेले असतात, ते वेगळे काढायला फिल्टर नाही. त्या चौकटीतल्या सगळ्या लिंकांना एकच पोझिशन धरली जाते, त्यामुळे सरासरी पोझिशन आणखी फसवी होते. ज्या बदलाने सगळ्यांची झोप उडवली तोच नेमका इथे झाकलेला आहे. फार थोड्या लोकांनी केलेले शोध गोपनीयतेसाठी वगळले जातात आणि तक्त्यात हजारच ओळी दिसतात. मोठ्या साइटला हे अपुरं पडतं. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये गूगलने एका पानावर शंभर निकाल मागण्याची सोय बंद केली. रँक तपासणारे बॉट, म्हणजे आपोआप शोध घेणारे प्रोग्रॅम, ती वापरत आणि पार खालच्या निकालांनाही इम्प्रेशन मिळत; ते थांबलं, त्यामुळे खूप साइटींची इम्प्रेशन अचानक पडली आणि सरासरी पोझिशन सुधारल्यासारखी दिसू लागली. त्या आधीच्या-नंतरच्या इम्प्रेशनची तुलना करून कुणी तुम्हाला घाबरवत असेल किंवा पाठ थोपटून घेत असेल, तर आधी क्लिक बघा.

पान किती चटकन उघडतं वगैरे मोजणारा कोअर वेब व्हायटल्सचा भाग ठीक आहे, लाल दिसलं तर डेव्हलपरला दाखवावा. यूआरएल इन्स्पेक्शन, म्हणजे एखादं पान गूगलने कसं वाचलंय ते बघायची सोय, मात्र जुन्या पानात मोठा बदल केला की मी हमखास वापरते.

माझ्याकडून पाचात चार. एक गुण एआय ओव्हरव्ह्यूच्या आकड्यांसाठी राखून ठेवला आहे. ते वेगळे दाखवायला लागले की लगेच देईन. तोवर बिंग वेबमास्टर टूल्स, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या बिंग सर्चसाठीचं असंच साधन, तेही जोडून ठेवा. सर्च कन्सोलमधूनच साइट आयात होते, पाच मिनिटांचं काम आहे.