एक्सकॉम की ईपीडीएल?

क्ष-किरण प्रतिमांचे मॉन्टे कार्लो सिम्युलेशन (यादृच्छिक संख्या वापरून एकेका फोटॉनचा, म्हणजे क्ष-किरणाच्या कणाचा, प्रवास संगणकावर घडवणे) लिहिताना फोटॉनच्या आंतरक्रियांची आकडेवारी अमेरिकेतील निस्ट या संस्थेच्या एक्सकॉम या माहितीसंचातून घ्यावी की लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या ईपीडीएल या माहितीसंचातून, हा प्रश्न हटकून येतो. एक्सकॉम हाताळायला सोपे आहे: संयुगाचे सूत्र किंवा मिश्रणातील घटकांचे वजनी प्रमाण दिले की १ केईव्हीपासून (किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचे एकक) पुढचा तक्ता तयार मिळतो, आणि नुसते क्षीणन (पदार्थातून जाताना किरणांची घटणारी तीव्रता) मोजायचे असेल तर तेवढे पुरते. मात्र फोटॉन कोणत्या कोनात विखुरला हे त्यातून कळत नाही. त्यासाठी लागणारे फॉर्म फॅक्टर आणि विखुरण फलने (अणूतील इलेक्ट्रॉनांमुळे कोनानुसार विखुरणे कसे बदलते हे सांगणारे तक्ते) ईपीडीएलमध्ये असतात, शिवाय प्रकाशविद्युत परिणामाची (फोटॉन शोषला जाऊन इलेक्ट्रॉन बाहेर पडण्याची) उपकवचनिहाय, म्हणजे इलेक्ट्रॉन अणूच्या कोणत्या उपकवचातला यानुसार, विभागणीही असते. मॅमोग्राफीत विखुरलेले किरण प्रतिमेचा कॉन्ट्रास्ट खातात, म्हणून तेथे मी ईपीडीएलच घेईन, जरी त्याची फाइल वाचणे किचकट असले तरी.

तक्ता कोणताही असो, आयोडीनच्या के-कडेपाशी (सर्वांत आतल्या कवचातील इलेक्ट्रॉन बाहेर पडू लागून शोषण एकदम वाढते ती ऊर्जा), म्हणजे ३३.१७ केईव्हीला, एकाच ऊर्जेच्या दोन किमती असतात. लॉग-लॉग अंतर्वेशन (दोन्ही राशींचे लॉगरिदम घेऊन तक्त्यातील मधल्या किमती काढणे) कडेच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळे केले नाही, तर उभी उडी तिरकी होते. पाण्यातील रेणूंमुळे होणारे व्यतिकरण (शेजारच्या अणूंवरून विखुरलेल्या लहरींचा एकमेकींवरील परिणाम) मात्र दोन्हींत नाही, कारण दोन्ही अणू सुटा मानतात. त्यासाठी मोजलेले फॉर्म फॅक्टर वेगळे जोडावे लागतात.