फ्रंट, ब्लाइंड की रिअर? ॲजिलिटीत आधी कुठला क्रॉस शिकायचा

ॲजिलिटी म्हणजे कुत्र्याने ठरलेल्या क्रमाने अडथळे पार करायचे आणि माणसाने बाजूने धावत त्याला वाट दाखवायची असा खेळ. तो सुरू करणारे बहुतेक जण आधी जंप घेतात, मग टनेल, मग वीव्ह पोल, म्हणजे ज्यांच्यामधून नागमोडी जायचं ते खांब, आणि कुत्रा थोड्या दिवसात हे सगळं सुटं सुटं करायला लागतो पण चार जंप ओळीत लावले की गोंधळ, कारण उडी त्याला येते पण उडीनंतर कुठे वळायचं हे सांगायचं काम तुमचं असतं आणि तेच आपण शिकलेलो नसतो. ते सांगणं म्हणजे हँडलिंग, आणि हँडलिंगमधला पहिला प्रश्न हाच की कुत्र्याची बाजू बदलायची कशी.

हा खेळ 1978 साली लंडनच्या क्रफ्ट्स डॉग शोमध्ये मधल्या वेळात लोकांची करमणूक म्हणून दाखवला गेला, घोड्यांच्या शो-जंपिंगवरून उचललेला. फरक एवढाच की तिथे स्वार घोड्यावर बसलेला असतो, इथे तो बाजूने धावतोय, आणि कोर्स, म्हणजे अडथळ्यांची ठरलेली वाट, नागमोडी, त्यामुळे डाव्या हाताचा कुत्रा कधीतरी उजव्या हाताला घ्यावाच लागतो नाहीतर तुम्हालाच सगळ्या वळणांना बाहेरून लांबचा फेरा पडतो. स्पर्धेत कुत्र्याला हात लावायचा नाही, रिंगमध्ये ट्रीट नाही, टॉय नाही. उरतं काय, तुमचं शरीर आणि तुमचा आवाज. बाजू बदलण्याला क्रॉस म्हणतात, त्याचे मूळ प्रकार तीन: फ्रंट, ब्लाइंड, रिअर. व्हिडिओत जपानी टर्न, जर्मन टर्न, केचकर असली नावं दिसतील, ती सध्या सोडून द्या, हे तीन नीट आले की ती पुढे आपोआप समजतात.

फ्रंट क्रॉस म्हणजे तुम्ही कुत्र्याच्या पुढे आहात, कुत्रा डावीकडे आहे, तर तुम्ही डावीकडेच, म्हणजे त्याच्याकडे तोंड करून गर्रकन वळायचं आणि वळून झालं की तो तुमच्या उजव्या हाताला आलेला असतो. नजर एक क्षणही सुटत नाही. कबड्डीतला रेडर कसा परत येताना पाठ दाखवत नाही, तसंच. याचा मोठा फायदा म्हणजे कुत्र्याला फार काही शिकवावं लागत नाही, तुमची छाती आणि पाय वळले की तो वेग कमी करून आखूड वळतो, आणि म्हणून घट्ट वळणाला, म्हणजे जंपवरून उडी मारून जवळजवळ उलट दिशेला यायचं असेल तिथे, याला तोड नाही. तोटा, वेळ लागतो. दोन जंपमधलं अंतर साधारण 5 ते 7 मीटर, आणि चांगली बॉर्डर कोली सेकंदाला 5 मीटरच्या वर पळते, म्हणजे तुम्ही वळण्यात एक सेकंद घालवला तर तेवढ्यात एक अख्खं अंतर संपलं आणि तुम्ही तिच्या वाटेत उभे. मग ती तुम्हाला वळसा घालून लांबून जाते किंवा थेट गुडघ्यावर आदळते. फ्रंट क्रॉस बिघडतो तो जवळजवळ नेहमी उशिरामुळे. कुत्र्याने जंपकडे बघून पाऊल उचललं, म्हणजे तो आता उडी मारणारच हे नक्की झालं, की लगेच वळायला लागायचं, तो उतरेपर्यंत तुम्ही नव्या दिशेला चार पावलं टाकलेली पाहिजेत.

ब्लाइंड क्रॉसमध्येही तुम्ही पुढेच असता पण वळत नाही, पळत पळत कुत्र्याच्या वाटेवरून आडवं जायचं आणि मान डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर फिरवायची, मधला अर्धा सेकंद पाठ कुत्र्याकडे. दिसायला भारी दिसतं, सगळ्यांना हेच शिकायचं असतं. वेग मोडत नाही, गुडघ्यांवर गर्रकन फिरायचा ताण येत नाही, सरळ किंवा हलक्या वळणाच्या कोर्सला एकदम मस्त. पण अट अशी की तुम्ही खरंच पुढे असायला हवं, नुसतं खांद्याला खांदा लावून पळत असाल तर कुत्रा तुमच्या मागून उलट्या बाजूला निघून जातो आणि तुम्ही उजवीकडे शोधताय तेव्हा तो डावीकडच्या भलत्याच टनेलमध्ये शिरलेला असतो, चुकीचा अडथळा घेतला की डिसक्वालिफाय. आणि आखूड वळण हवं असेल तर ब्लाइंड तेवढं देत नाही, कारण तुम्ही पळतच आहात आणि कुत्रा तुमचा वेग बघून पळतो.

या तंत्राची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. फिनलंडच्या यानिता लेइनोनेन यांच्या टेकला नावाच्या बॉर्डर कोलीला ऐकू येईनासं झालं, म्हणजे तोंडी कमांड संपली, मग त्या कुत्रीला फक्त शरीराने कोर्स कसा सांगायचा यावर त्यांनी काम केलं आणि त्यातून एक पूर्ण पद्धत उभी राहिली जी आज जगभर शिकवतात. यातून नवशिक्याने घ्यायचं ते हे की कुत्रा आधी तुमचं शरीर बघतो, पाय, खांदे, हात, आणि शब्द सगळ्यात शेवटी. तुम्ही "लेफ्ट लेफ्ट" ओरडताय आणि बुटांची टोकं उजवीकडे, तर तो उजवीकडेच जाणार आणि चूक त्याची नाही.

आता रिअर क्रॉस, ज्याकडे आपल्याकडे कुणी बघत नाही आणि माझ्या मते त्याचीच गरज जास्त लोकांना असते. यात कुत्रा पुढे आणि तुम्ही मागे. तो डावीकडून जंपला चाललाय, तुम्ही त्याच्या मागून वाट कापून त्याच्या डाव्या बाजूला जायचं, त्याला मागची ती हालचाल कळते आणि तो हवेतच डावीकडे वळायला लागतो. म्हणजे कुत्र्यापेक्षा जोरात पळायची गरजच नाही! पन्नाशीतला माणूस, गुडघे कुरकुरणारा माणूस, ऑफिसवरून थकून आलेला माणूस, सगळ्यांना जमेल. मग अडतं कुठे, तर हा क्रॉस माणसापेक्षा कुत्र्याने शिकायचा असतो. तुम्ही मागे असताना पुढे सुटून जंपकडे जाण्याचा आत्मविश्वास त्याच्यात पाहिजे, आणि घरात दिवसभर पायात पायात घोटाळणारा लॅब किंवा सारखी मालकिणीचं तोंड बघणारी पॉमेरियन हे करत नाही, ती थांबते आणि मागे वळून विचारते की आता काय. टायमिंगही नाजूक, लवकर कापलंत तर कुत्रा जंप सोडून तुमच्याकडे वळतो, म्हणजे रेफ्युजल, अडथळा नाकारल्याची चूक, किंवा जंपची आडवी दांडी पाडतो, आणि उशिरा कापलंत तर तो आधीच उजवीकडे वळलेला असतो आणि मग स्वतःभोवती गिरकी घेऊन परत येतो, त्यात वेळ गेला तो गेलाच.

पण हे शिकवायला खर्च शून्य. बरणीचं झाकण किंवा स्टीलची छोटी ताटली जंपच्या पलीकडे ठेवायची, त्यात चिकनचा तुकडा, कुत्रा ताटलीकडे सुटला की मागून कापायचं, वळला की नव्या बाजूच्या हाताने अजून एक तुकडा. सुरुवातीला जंपसुद्धा नको, नुसती ताटली. आणि बक्षीस कायम नव्या हातातून, पॅन्टच्या शिवणीजवळ, जुन्या हातातून दिलंत तर तो जुन्याच बाजूला वळायला शिकेल.

तर ठरवायचं कसं. कुत्रा मध्यम वेगाचा असेल, बीगल, लॅब, बहुतेक गावठी कुत्री, आणि तुम्ही बऱ्यापैकी पळता, तर फ्रंट आधी, त्यानंतर रिअर, ब्लाइंड शेवटी. कुत्रा तुफान असेल आणि तुम्ही नाही, तर रिअरपासूनच सुरू करा, लोक काहीही म्हणोत, कारण पुढे पोचायचं असलेले दोन्ही क्रॉस तुम्हाला कोर्समध्ये दोन-तीन ठिकाणीच मिळणार, टनेलमध्ये किंवा वीव्हमध्ये तो अडकलेला असताना. कारवानसारखा लांब ढांगेचा कुत्रा असेल तर फ्रंटवर जास्त मेहनत घ्या, त्याला पळायला शिकवावं लागत नाही, आखूड वळायला शिकवावं लागतं. आणि कुत्रा भित्रा किंवा नवीन दत्तक घेतलेला असेल तर ब्लाइंड पहिला महिनाभर नकोच, पाठ फिरवली की त्याला वाटतं खेळ संपला, तो जमीन हुंगायला लागतो. याच्या उलट मत असलेले ट्रेनर आहेत, ते ब्लाइंड पहिल्या दिवसापासून शिकवतात आणि त्यांचे कुत्रे उत्तम पळतात, पण ते स्वतःही तसेच पळतात हे विसरू नका.

सराव कुठे हा आपल्याकडचा खरा त्रास. गच्चीच्या टाइल्सवर उड्या अजिबात नाहीत, घसरून खांदा जातो, तिथे फक्त क्रॉस करा, जंपच्या जागी उलटी बादली ठेवून तिला वळसा. माती किंवा गवत मिळालं तर पीव्हीसी पाइपचा जंप, आणि दीड वर्षाच्या आतलं पिल्लू असेल तर पाइप जमिनीवरच ठेवायचा, एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या स्पर्धेतही 18 महिन्यांच्या आत उतरता येत नाही त्याला कारण आहे. एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत आटपा, जमिनीवर तळहात टेकवून बघा, चटका बसला तर परत घरी. पाच मिनिटं पुरतात, वीस मिनिटं केलंत तर शेवटची दहा मिनिटं कुत्रा नुसता तुम्हाला सांभाळून घेत असतो.

आणि आधी कुत्र्याशिवाय करा. शेजारी हसतील, हसू दे. मोठ्या स्पर्धेतसुद्धा हँडलर आधी रिकाम्या हाताने कोर्स चालून बघतात, हवेतल्या कुत्र्याला हात दाखवत गोल गोल फिरतात, तेच करायचं. फोन कुंडीला टेकवून शूट करा आणि स्लो करून फक्त एकच बघा, कुत्र्याचे पुढचे पाय उचलले गेले तेव्हा तुमचे पाय कुठल्या दिशेला होते.