टर्बो डिझेल पिकअपचा एअर इनटेक: बदलावा की मूळचाच ठेवावा?

इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस या पिकअप ट्रकचे १.९ लिटर डिझेल इंजिन १६३ पीएस शक्ती आणि ३६० न्यूटन-मीटर टॉर्क देते, तरीही गाडी झटकन वेग घेईल आणि एव्हरेज सुधारेल या आशेने बरेच मालक इनटेक, म्हणजे इंजिनाला हवा पुरवणारा मार्ग, बदलायला निघतात. बाजारात त्यांच्यापुढे मुख्यतः तीन पर्याय येतात: एअर फिल्टरच्या मूळ डब्यात बसणारा तेल लावलेला कापडी फिल्टर, बोनेटखाली उघडा राहणारा शंकूच्या आकाराचा फिल्टर आणि स्नॉर्केल, म्हणजे हवा घेण्याचे तोंड छपराच्या उंचीपर्यंत नेणारी नळी.

शंकूचा फिल्टर मी कोणालाही सुचवणार नाही. मूळ डबा बाहेरची थंड हवा ओढतो, तर उघडा शंकू इंजिनाजवळची तापलेली, म्हणजेच विरळ हवा घेतो. इंटरकूलर तिला पुढे थंड करतो हे खरे, पण त्याच्यावर हा बोजा मुळात टाकायचाच कशाला? टर्बोची, म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या यंत्राची, शिट्टी मोठ्याने ऐकू येते आणि शक्ती वाढल्याचा भास होतो, मात्र डिझेल इंजिनात शक्ती प्रामुख्याने किती इंधन फवारले जाते यावर ठरते, आणि ते प्रमाण ईसीयूच्या, म्हणजे इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाच्या, हाती असते. ईसीयूचे गणित तेच ठेवून केवळ फिल्टर बदलल्याने रस्त्यावर जाणवेल एवढा फरक पडत नाही.

कापडी फिल्टर धुऊन पुन्हा वापरता येतो, हा त्याचा खरा फायदा आहे. परंतु धुतल्यावर तो सावलीत पूर्ण वाळवून त्यावर बेताचेच तेल लावावे लागते: तेल जास्त झाले तर ते आत येणारी हवा मोजणाऱ्या एअर फ्लो सेन्सरच्या तारेवर बसून रीडिंग बिघडवू शकते, आणि कमी पडले तर बारीक धूळ आत जाते. १८९८ सीसीचे हे इंजिन ३००० आरपीएमला, टर्बोचा दाब न धरताही, हिशेबाने मिनिटाला सुमारे २८०० लिटर हवा ओढते. उसाच्या ट्रॉल्यांमागून कच्च्या रस्त्याने किंवा खडी क्रशरच्या परिसरात रोज जाणाऱ्या गाडीत त्या हवेबरोबर येणारे सिलिकाचे कण सिलिंडर आणि पिस्टनच्या रिंगा झिजवतात. म्हणून विक्रेत्याकडे आयएसओ ५०११ या एअर फिल्टरच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार केलेल्या चाचणीचा अहवाल मागावा. त्यात फिल्टर किती धूळ अडवतो, किती साठवतो आणि हवेला किती अडथळा करतो, या तिन्ही गोष्टी कळतात. नुसता ‘हवा जास्त येते’ हा दावा अपुरा आहे.

कोणताही फिल्टर बसवल्यावर काही दिवसांनी त्याच्यापासून इंजिनाकडे जाणारा होज (नळी) सोडून आतून पांढरे फडके फिरवावे. फडक्यावर मातकट रेघ उमटली तर फिल्टरची रबरी कड नीट बसलेली नाही किंवा क्लॅम्प सैल आहे, असे समजावे. गॅरेजमध्ये कागदी फिल्टरला जोराची हवा मारण्याची पद्धत सर्रास आहे. त्याने कागदाला बारीक छिद्रे पडू शकतात, त्यामुळे तो बदलणेच योग्य.

स्नॉर्केलमुळे धूळ कमी असलेल्या उंचीवरची हवा मिळते, हा त्याचा मोठा गुण आहे. पाण्यातून जाण्यासाठी मात्र डब्यापर्यंतचा प्रत्येक सांधा हवाबंद लागतो, आणि डब्याच्या तळाचे निचऱ्याचे छिद्र तसेच उघडे असेल तर पाणी तेथूनच आत येते. शिवाय बॉडी कापावी लागत असल्याने मोटार वाहन कायद्याचे गाडीतील बदलांविषयीचे कलम ५२ आणि वॉरंटीच्या अटी आधी तपासाव्यात. ज्यांची गाडी रोज धुळीत किंवा नदीनाल्यातून जाते, त्यांनीच हा खर्च करावा. इतरांसाठी माझी पसंती मूळच्या कागदी फिल्टरलाच आहे, आणि धुळीच्या भागात तो कंपनीने दिलेल्या मुदतीआधीच बदलावा.