करवंदाची जाळी नागपूरच्या अंगणात: तीन उन्हाळ्यांनंतरचा अनुभव

नागपुरात कुंपणाला लावलेल्या कोणत्याही झुडपाची खरी परीक्षा नवतपा, म्हणजे मेअखेरीचे सर्वांत तापलेले नऊ दिवस, घेतो. पावसाळ्यात येथे काडी खोचली तरी फुटते. परंतु मे महिन्याच्या अखेरीस पारा 45 अंशांपलीकडे जाऊन दुपारभर लू वाहू लागली, की रोपवाटिकेतून हौसेने आणलेल्या निम्म्या झाडांची पाने कडेने करपू लागतात. आमच्या घराच्या पश्चिमेकडील भिंतीलगत लावलेल्या करवंदांनी असे तीन उन्हाळे काढले असून, त्यांची जाड, चामड्यासारखी पाने एकदाही मलूल झालेली दिसली नाहीत. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा पाणी दिले, दुसऱ्यात क्वचितच दिले, आणि यंदा कूलरच्या टाकीतून ओसंडणारे पाणी पोचले तेवढ्यावरच ही झुडपे हिरवीगार राहिली. येथील पाण्याची ओढ लक्षात घेता, बारमाही हिरव्या कुंपणासाठी मी तरी आता दुसऱ्या झाडाचा विचार करणार नाही.

मात्र करवंद मुळात मुरमाड माळाचे आणि डोंगरउतारांचे झाड आहे, आणि आमच्या भागात जमीन आहे ती भारी, काळी. ही माती उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते आणि पावसाळ्यात दिवसेंदिवस पाणी धरून ठेवते. संत्र्याची बाग असलेल्या कोणालाही विचारावे. बुंध्याशी पाणी साचले की डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, कसा लागतो, हे तो न विचारताच सांगेल. करवंदाला डिंक्याचा त्रास झालेला मी पाहिलेला नाही, पण साचलेले पाणी त्यालाही सोसत नाही. म्हणून दीड-दोन फूट खोल खड्डे घेऊन त्यांच्या तळाशी विटांचे तुकडे घातले, निघालेल्या मातीत जवळपास तेवढाच मुरूम आणि थोडे शेणखत मिसळून खड्डे भरले, आणि रोपे आळ्यात न लावता उंचवट्यावर लावली. रासायनिक खत अजून एकदाही दिलेले नाही. खत आणि पाणी जास्त झाले तर हे झाड नुसत्या फांद्या फेकत सुटते, असे दिसते. कोपऱ्यातल्या नळाजवळचे झुडूप सर्वांत उंच आहे आणि त्यालाच सर्वांत कमी फळे लागली.

काट्यांविषयी मोकळेपणाने लिहिणे भाग आहे. ते जोडीने येतात, काही ठिकाणी टोकाशी दुभंगतात, आणि जुन्या फांद्यांवर इतके टणक होतात की बागकामाच्या साध्या हातमोज्यांतून आरपार जातात. कुंपण म्हणून हा गुणच आहे. मोकाट गुरे पूर्वी फाटकाशेजारच्या कुंड्या फस्त करीत, ती आता इकडे फिरकत नाहीत. परंतु छाटलेल्या फांद्यांचे काय करायचे, हा प्रश्न फारसा कोणी विचारात घेत नाही. त्या रस्त्याच्या कडेला टाकल्या तर स्कूटरचे टायर पंक्चर होते आणि कचरागाडीत दिल्या तर सफाई कामगाराचे हात रक्तबंबाळ होतात. आम्ही त्या मागच्या बाजूला वाळवतो आणि हिवाळ्यात जाळतो. जेथे मुले चेंडू खेळतात किंवा ज्या वाटेने रात्री ये-जा असते, तेथून हे झाड किमान तीन फूट दूरच असावे.

छाटणीची वेळ मात्र सांभाळावी लागते. फुले फांद्यांच्या टोकांशी गुच्छांनी येतात. त्यामुळे हिवाळ्यात कुंपण एकसारखे कापून घेतले तर त्या वर्षाची बहुतेक फळे कात्रीतच जातात. फळे उतरल्यानंतर पावसाळ्याच्या उत्तरार्धात छाटले, तर नवी फूट तयार व्हायला पुरेसा वेळ मिळतो. फेब्रुवारीच्या अखेरीपासून पांढऱ्या, पाच पाकळ्यांच्या फुलांचा बहर सुरू होतो आणि संध्याकाळी त्यांचा जाईसारखा वास व्हरांड्यापर्यंत येतो. किडीचा उपद्रव नगण्य आहे. कण्हेरीवर दिसणारी, डोक्यामागे निळ्या डोळ्यांसारखे ठिपके असलेली जाडजूड हिरवी अळी पावसाळ्यात येथेही सापडते, कारण करवंद कण्हेरीच्याच कुळातले आहे. चिमट्याने उचलून दूर टाकली की काम भागते.

आता फळांविषयी. मे महिन्यात पळसाच्या द्रोणात विकायला येणारी काळीभोर, गोड रानकरवंदे डोळ्यांसमोर ठेवून कोणी हे झाड लावणार असेल, तर त्याची निराशा होईल. रोपवाटिकांत मिळते ती बहुधा मोठ्या फळांची, पांढऱ्यावर गुलाबी छटा असलेली लागवडीची जात असते; ती जुलै-ऑगस्टमध्ये पिकते आणि पिकल्यावरही आंबटच राहते. शिवाय आम्हाला सर्व रोपे एकाच जातीची म्हणून विकली गेली होती, प्रत्यक्षात एका झुडपाची फळे गुलाबी आहेत आणि शेजारच्याची हिरवट-तांबूस. बियांपासून केलेल्या रोपांत असा फरक पडतोच, पण विक्रेत्याने तसे सांगायला हवे होते.

स्वयंपाकघरात मात्र ही आंबट फळे सोन्यासारखी आहेत. जूनमधील कच्च्या करवंदांचे मोहरीची डाळ आणि हिंग घालून केलेले लोणचे कैरीच्या लोणच्याला मागे सारते, असे माझे मत आहे. घरात यावर एकमत नाही. चिरताना पांढरा चीक निघतो आणि बोटांना व सुरीला चिकटून बसतो, म्हणून आधी दोन्हींना तेलाचा हात लावावा आणि फोडी मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. अर्धवट पिकलेल्या फळांत पेक्टिन, म्हणजे जेली घट्ट करणारा घटक, भरपूर असल्याने जेली वरून काहीही न घालता घट्ट बसते. पानठेल्यावर मिठ्या पानाला टोचलेली लालभडक चेरी हीदेखील पुष्कळदा बी काढून पाकात मुरवलेले, रंगवलेले करवंदच असते. त्या तुलनेत शोभेसाठी सर्रास लावल्या जाणाऱ्या डुरांटाची पिवळी फळे विषारी आहेत. लहान मुलांच्या घरात तेवढा फरकही पुरेसा आहे.

वरच्या फांद्यांवरील पिकलेली फळे बुलबुल ठेवत नाहीत, आणि काट्यांमुळे आम्हीही तेथवर जात नाही. ज्यांना घरीच रोपे करायची असतील त्यांनी पूर्ण पिकलेल्या फळांचे बी धुऊन लगेच पेरावे. ठेवलेल्या बियांची उगवण झपाट्याने घटते. छाट कलमे मुळे धरायला फार कुरकुर करतात. बियांची रोपे वर्षभर पिशवीत वाढवून पुढच्या मृगाच्या पावसात जमिनीत लावावीत. कुंपणासाठी दोन रोपांत दोन-तीन फूट अंतर पुरते. फळांसाठी लावायची असतील तर सात-आठ फूट सोडावे, नाहीतर आतल्या बाजूची फळे तोडायला हात घालण्याची सोय राहत नाही.