डिपॉझिट दिलं, नोंद केली 'किराणा'

सीईटीला 96 पर्सेंटाइल पडले तेव्हा परभणीत आमच्या गल्लीत पेढे वाटले होते. तीच मी, पहिलं सेमिस्टर सुरू होऊन दोन महिनेही झाले नव्हते आणि 29,200 रुपयांना बुडाले. घरी सांगायला चार दिवस लागले, इथे लिहायला तीन आठवडे. नातेवाइकांपैकी कुणी वाचत असेल तर हो, मीच ती. हसून घ्या.

कॉट बेसिसचा, म्हणजे खोलीऐवजी एकेक कॉट भाड्याने द्यायचा धंदा कसा चालतो ते पुण्यात शिकलेल्यांना मी काय सांगणार. फ्लॅट 11 महिन्यांच्या करारावर घ्यायचा, मालकाला सांगायचं फॅमिली राहणार, मग खोलीत तीन-तीन कॉट टाकून पोरी भरायच्या. हे सर्रास चालतं आणि बऱ्याच ठिकाणी डिपॉझिट परतही मिळतं. मी जिच्याकडे कॉट घेतली त्या काकूंनी एवढंच केलं की करार संपायला दीड महिना उरला असताना नव्या पोरी भरल्या.

कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या तिसऱ्या राउंडला कॉलेज मिळालं, तोवर होस्टेलची यादी लागून गेली होती. वेटिंगला 41 वी. कॉलेजच्या गेटबाहेर भिंतीवर पन्नास कागद चिकटवलेले, त्यातल्या एकावर 'फक्त मुलींसाठी, घरगुती वातावरण, कर्वेनगर'. पप्पांनी एका दिवसाची रजा टाकली होती. रात्रीच्या गाडीने परत जायचं, म्हणजे हातात एकच दुपार. पप्पा एसटीत कंडक्टर आहेत, आयुष्यभर सुट्ट्या पैशांचा हिशोब चोख ठेवलेला माणूस. पण काकूंनी पोहे पुढे केले, "मुलगी माझी समजा" म्हणाल्या, रात्री 9 नंतर दार बंद म्हणाल्या, आणि पप्पांचा जीव भांड्यात पडला. पुरुष माणूस घरात नाही हेच आम्ही बघितलं. करार कुणाच्या नावावर आहे आणि कधी संपतो, हे विचारायचं आमच्या डोक्यातही आलं नाही. तुम्ही विचारा. नोंदणी केलेल्या कराराची प्रत मागा, शेवटची तारीख बघा आणि पोटभाडेकरू ठेवता येतो का ते वाचा. प्रत दाखवायला नाही म्हणाले तर चहासुद्धा न पिता उठा.

डिपॉझिट 18,000. त्यातले 8,000 पप्पांनी रोख दिले, पावती नाही. उरलेले 10,000 मी मोबाइलवरून पाठवणार होते. कोड स्कॅन केला तर कुणा पुरुषाचं नाव आलं. "माझा भाऊ गं, माझं जीपे बंद पडलंय." बरं. मग काकू माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाल्या, "बाळा, नोटमध्ये डिपॉझिट नको लिहूस, टॅक्सची भानगड होते. किराणा लिही."

आणि मी लिहिलं. किराणा. पिन टाकायच्या आधी अंगठा थांबला होता, खोटं नाही सांगत. दहा हजारांचा कसला किराणा, असं मनात आलं होतं. मान वर करून पप्पांकडे बघितलं, तर ते बाथरूममध्ये नळाला पाणी किती जोरात येतं ते बघत होते. हाक मारायला हवी होती. पण नव्या घरात, जिच्याकडे राहायचं तिच्या तोंडावर संशय कसा दाखवायचा? अठरा वर्षं मोठ्यांना उलट विचारायचं नाही हेच शिकवलंय ना आम्हाला. त्याच दिवशी मेसचे तीन महिन्यांचे 8,400, तेही किराणाच. 'पोलीस व्हेरिफिकेशन'चे 500 रोख. भाडेकरूची माहिती पोलिसांना मालकाने द्यायची असते. ती कधी दिलीच गेली नव्हती, हे पुढे कळलं.

दुसऱ्या आठवड्यात वॉचमनकाकांनी विचारलं, "तुम्हीपण दसऱ्यापर्यंतच ना?" मला वाटलं घरी कधी जाणार ते विचारताहेत. म्हटलं, "नाही, दिवाळीला जाणार." त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं आणि परत रजिस्टरमध्ये डोकं घातलं. त्यांना सगळं माहीत होतं. आजही त्यांचा राग काकूंपेक्षा जास्त येतो, आणि हे बरोबर नाही हेही कळतं.

जेवण चांगलं असायचं. आमटीला आमच्याकडच्यासारखा झणका नाही, पण गरम. मला ताप आला तेव्हा काकूंनी मीठपाण्याच्या पट्ट्या ठेवल्या होत्या. म्हणून 28 सप्टेंबरला "अष्टमीला कुमारिका जेवायला बोलवायच्यात, ऑक्टोबरचं भाडं आत्ताच दे" म्हणाल्या तेव्हा 6,500 लगेच पाठवले. नोट काय लिहू हेही विचारलं नाही, सवय लागली होती.

1 ऑक्टोबरला काकू घट उठवायला गावी म्हणून गेल्या. 4 तारखेला खरे मालक कुलूपवाल्याला घेऊन दारात. करार 30 सप्टेंबरला संपलेला. आम्ही सहा जणी ओल्या केसांनी हॉलमध्ये उभ्या आणि ते विचारताहेत, "तुम्ही कोण?" दोन दिवसांवर एम-वनचा, म्हणजे गणिताचा इनसेमचा (सेमिस्टरमधल्या परीक्षेचा) पेपर. त्यांनी संध्याकाळपर्यंत वेळ दिला, वर म्हणाले की फसवणूक तर माझी झालीय. घाईत माझा ड्रॉइंगचा ड्राफ्टर कपाटामागे राहिला, तो अजून तिथेच आहे.

हिशोब: डिपॉझिट 18,000, ऑक्टोबरचं भाडं 6,500, मेसचे दीड महिने जेवले ते सोडून 4,200, व्हेरिफिकेशनचे 500.

आता पोलिसांचं ऐका. पहिल्या ठाण्यात गेलो तर हद्द आमची नाही. दुसऱ्यात दीड तास बाकड्यावर. साहेबांनी स्टेटमेंट बघितलं आणि म्हणाले, "यात तर किराणा लिहिलंय. किराणा घेतला असेल तुम्ही." मागचे दोघं हसले. मग म्हणे राहिलात, जेवलात, मग फसवणूक कसली, हा दिवाणी मामला. अहो, करार संपतोय हे लपवून डिपॉझिट घेतलं, ती फसवणूक नाही तर काय? मी फोनवर भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 काढून दाखवलं, आणि हद्द नसली तरी झिरो एफआयआर घ्यावा लागतो तेही. "मग फोनलाच तक्रार द्या." शेवटी एफआयआर नाहीच, साधा 'तक्रार अर्ज' घेतला. पोच मागितली तर शिक्का ज्यांच्याकडे ते जेवायला गेलेले. पोच घेतल्याशिवाय उठू नका, मी चाळीस मिनिटं बसले आणि घेतली.

1930 वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला. तिथली मुलगी निदान नीट बोलली, व्यवहारांचे यूटीआर नंबर घेतले. पण ती हेल्पलाइन लगेच गाठली तरच पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत अडवता येतात. आमचे बरेचसे पैसे दीड महिन्यापूर्वी गेलेले. बँकेने सांगितलं, व्यवहार तुम्हीच पिन टाकून केलाय. कॉलेजने सांगितलं, बाहेरच्या राहण्याची जबाबदारी आमची नाही. मान्य. मग तुमच्याच गेटवर ते कागद कुणाच्या परवानगीने लागतात? सरांनी खिडकीतून बाहेर बघितलं आणि म्हणाले, भिंत महापालिकेची आहे.

सध्या वर्गातल्या एकीच्या मावशीकडे धनकवडीला राहतेय. पप्पांनी पतपेढीतून उचल घेतली. मला एक शब्द बोलले नाहीत, फक्त "मी बघायला हवं होतं" म्हणाले. त्यापेक्षा रागावले असते तर बरं.

साहेबांचं म्हणणं आहे की एकट्या-दुकट्या अर्जाने हेतू सिद्ध होत नाही. ठीक आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत कर्वेनगरात कुणा काकूंकडे कॉट घेतली असेल, डिपॉझिट परत आलं नसेल आणि तुमच्या स्टेटमेंटलाही हजारांचा 'किराणा' असेल, तर त्या पानांच्या दोन प्रती काढा आणि मला मेसेज करा. सोमवारी आम्ही सहा जणी परत ठाण्यात जातोय, अर्जाला जोडायला हव्यात.